परसातील फ्लिंट मका : पांढऱ्या कणसांत पिवळे दाणे आले, बियाणे राखावे का?

मृण्मयी (पश्चिम मॅसॅच्युसेट्स)

नमस्कार. यंदा मी परसात प्रथमच वाळलेल्या दाण्यासाठी मका लावला. वाण 'र्‍होड आयलंड व्हाइट कॅप' हा पांढरा फ्लिंट, म्हणजे टणक दाण्याचा मका. तेथील मूळ रहिवासी असलेल्या नरागान्सेट लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या मक्याचा हा वारसा आहे आणि र्‍होड आयलंडमधील 'जॉनीकेक' नावाची तव्यावरची जाड धिरडी याच्याच पिठाची करतात. जागा वीस फूट बाय बारा फूट होती. तिच्यात पाच ओळी घातल्या आणि साधारण 105 झाडे उभी राहिली. काही कणसे रॅकूनांनी नेली, उरलेल्यांचे साडेसात किलो दाणे मिळाले.

कणीस बोटासारखे लांब आणि सडपातळ असून त्यावर दाण्यांच्या केवळ आठ ओळी असतात. दाणा इतका टणक, की मूठभर दाणे स्टीलच्या वाटीत टाकले तर खडे टाकल्यासारखा आवाज येतो.

माझे दोन प्रश्न आहेत. पहिला भाकरीचा. घरघंटीत दाणे घातले तेव्हा ती दोनदा अडकली. जे पीठ निघाले ते रव्यासारखे होते आणि भाकरी थापताना चहूकडून चिरत गेली. माझी आजी शहाद्याकडची. तिच्या हातची मक्याची भाकरी मी लहानपणी खाल्ली आहे आणि ती अखंड असे, एवढे मला नक्की आठवते.

दुसरा प्रश्न मला अधिक सतावतो. पांढऱ्याशुभ्र कणसांत मधूनच फिकट पिवळे दाणे दिसतात. पश्चिमेकडील कडेच्या ओळीत एकेका कणसावर दहा-पंधरा, तर मधल्या ओळींत एखाददुसरा. त्याच बाजूला साठ-सत्तर फुटांवर शेजारीणबाईंनी पिवळा स्वीटकॉर्न लावला होता. त्यांनीही ऑगस्टमध्ये मला सांगितले, की यंदा त्यांच्या कणसांत काही दाणे पिठूळ आणि बेचव लागले. एवढ्या जुन्या वाणाचे बियाणे माझ्या हातून बिघडले असेल, तर ते पुढे लावणे योग्य होईल का?

वाटसरू

एक-दोन पिवळ्या दाण्यांनी काय बिघडते? खाण्यासाठी लावला आहे, तर खावा. पुढच्या वर्षी बियाणे पुन्हा विकत घ्यावे.

तापीकाठ (शिरपूर)

मृण्मयीताई, 'शहादा' हा शब्द वाचला आणि लिहायला बसलो. आमच्या भागात, विशेषतः वर सातपुड्यात, पावरा आणि भिल्ल कुटुंबांचा गावरान मका हाही बहुतांशी याच जातकुळीचा, म्हणजे टणक दाण्याचा. पांढरा आहे, पिवळा आहे, काही घरांत लाल आणि मिश्र रंगाचाही आहे. त्याला कोणी 'फ्लिंट' म्हणत नाही, गावरान मका म्हणतात. बाजारातील संकरित मक्याचा दाणा वाळल्यावर माथ्यावर खळी पडते, कारण तेथवर मऊ पिठूळ भाग असतो आणि तो आक्रसतो. गावरान दाण्याचा माथा गोल आणि चकचकीत राहतो, कारण मऊ भाग फक्त पोटात असतो आणि भोवती काचेसारखे कठीण कवच असते. आपली घरघंटी अडकली ती या कवचामुळे.

आमच्याकडे निवडलेली कणसे सोलतात, पण पाने तोडून टाकत नाहीत. ती मागे वळवून दोन-दोन कणसांची जोडी बांधतात आणि चुलीच्या वर वाशाला टांगतात. धुराने ती काळपट होतात, परंतु पुढच्या जूनपर्यंत सोंड्यांपासून, म्हणजे धान्य पोखरणाऱ्या किड्यांपासून, बऱ्यापैकी सुरक्षित राहतात. मुळात टणक दाण्याला सोंडा संकरित मक्याइतक्या सहज पोखरू शकत नाही, हाही त्याचा मोठा गुण आहे.

भाकरीचे आमच्या घरातील बाई अधिक चांगले सांगतील. मी त्यांना विचारून उद्या लिहितो.

गच्चीवरची_बाग (पुणे)

मी गेल्या पावसाळ्यात गच्चीवर बारा कुंड्यांत देशी मका लावला होता. झाडे छान वाढली, तुरे आले, कणसेही धरली, पण सोलल्यावर पाहते तो निम्मे कणीस बोडके! दातपडक्या म्हाताऱ्याप्रमाणे इकडे एक दाणा, तिकडे एक. खत कमी पडले असावे, असे मी धरून चालले होते. मृण्मयी यांच्या 105 झाडांचा आकडा वाचून शंका येते, की झाडांची संख्याच कमी पडली असावी का?

निंबोळी (निवृत्त, कृषी क्षेत्र)

गच्चीवरची_बाग, आपली शंका बरोबर आहे. मक्याच्या कणसाचा प्रत्येक केस म्हणजे एका दाण्याची वाट आहे. त्या केसावर पराग पडला तरच तेथे दाणा भरतो. पराग वाऱ्याने येतो, तो तुऱ्यातून खाली पडताना थोडाच दूर जातो आणि उन्हाच्या तडाख्यात काही तासांतच मरतो. म्हणून मका एका लांब ओळीत लावू नये, चौकोनी वाफ्यात चार-पाच ओळींत लावावा. कुंड्याच असतील तर त्या एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात. सकाळी दव वाळल्यावर तुरा कागदी पिशवीत घेऊन हलवावा आणि जमलेला पिवळा भुगा दुसऱ्या झाडांच्या केसांवर झटकावा. केस बाहेर पडल्यापासून चार-पाच दिवस हे रोज करावे.

आता मृण्मयी यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. वाटसरू म्हणतात तसा तो किरकोळ नाही, परंतु निराश होण्याचेही कारण नाही. उलट आपण पांढरा वाण निवडला, हे आपले भाग्य समजावे.

मक्याच्या दाण्यातील पिठाचा भाग आई आणि बाप या दोघांकडून घडतो. त्यामुळे बापाचा, म्हणजे परागाचा रंग त्याच हंगामात, त्याच कणसावर दिसू शकतो. पिवळा रंग पांढऱ्यावर वरचढ असतो. पांढऱ्या झाडाच्या केसावर पिवळ्या मक्याचा पराग पडला, की तो दाणा फिकट पिवळा होतो. आपल्या कणसावरील प्रत्येक पिवळा दाणा शेजारच्या स्वीटकॉर्नकडून आलेला एकेक परागकण आहे आणि तो स्वतःची खूण स्वतःच पटवतो आहे. कडेच्या ओळीत ते अधिक आणि मध्ये कमी, हेही त्याला धरूनच आहे.

आपल्या शेजारीणबाईंची तक्रारही त्याच घटनेची दुसरी बाजू आहे. स्वीटकॉर्नमधील गोडी ही दबणाऱ्या गुणामुळे येते. त्याच्या केसावर आपल्या फ्लिंटचा पराग पडला, की तो दाणा गोड न राहता पिठूळ होतो. ते कणीस वाळवले असते, तर सुरकुतलेल्या गोड दाण्यांत हे दाणे गोल आणि टणक उठून दिसले असते.

मृण्मयी

निंबोळी, आपले मनापासून आभार. शेजारीणबाईंच्या तक्रारीचा माझ्या मक्याशी संबंध असेल, हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. मी उद्याच त्यांच्याकडे जाऊन क्षमा मागते. म्हणजे पिवळे दाणे वेचून काढले, की उरलेले पांढरे दाणे शुद्ध मानावेत का?

निंबोळी

शेजारचा स्वीटकॉर्न पूर्ण पिवळा असेल, तर जवळजवळ हो. तो जर एकाच कणसावर पांढरे आणि पिवळे दाणे असलेल्या दुरंगी प्रकारचा असेल, तर मात्र त्याच्या अर्ध्या परागांत पांढरा गुण असतो. ते पराग आपल्या कणसात कोणतीही खूण न ठेवता मिसळून गेलेले असतात. तेव्हा आधी शेजारीणबाईंना वाणाचे नाव विचारावे.

तसे झाले असले, तरी पुढच्या वर्षी कणसे वाळल्यावर नीट पाहावीत. एखाद्या कणसावर सुरकुतलेला दाणा आढळला, तर त्या झाडात गोड मक्याचा गुण लपलेला होता, असे समजून ते संपूर्ण कणीस बियाण्यातून वगळावे, केवळ तो दाणा नव्हे. लाल सालीच्या वाणांत मात्र ही युक्ती चालत नाही. तेथे लाल रंग दाण्याच्या सालीत असतो, साल ही आईचीच असते आणि परक्या परागाने ती बदलत नाही.

बांधावरून (जालना)

आमच्याकडे चारही बाजूंना कोंबडीखाद्यासाठी संकरित मका आणि जनावरांसाठी 'आफ्रिकन टॉल' असतो. मी घरापुरता अर्धा गुंठा गावरान मका लावतो. अंतर राखायचे तर किती राखावे? आणि मृण्मयीताई, दिवाळीत भारतात येणार असाल, तर या आठ ओळींच्या मक्याचे थोडे दाणे सोबत आणाल का? वाट पाहतो.

निंबोळी

बांधावरून, बियाणे उत्पादनात 200 मीटर किंवा त्याहून अधिक अंतर धरतात आणि आपल्या बांधावर ते शक्य होणार नाही. त्यापेक्षा वेळ बदला. शेजाऱ्यांच्या मक्याला तुरे येण्याच्या तीन आठवडे आधी किंवा नंतर आपल्याकडे केस बाहेर पडतील, अशा बेताने पेरणी करावी. शेजाऱ्याने कोणत्या तारखेला आणि किती दिवसांचा वाण पेरला, एवढे विचारले की हिशेब बसतो.

दाणे सोबत आणण्याच्या विचाराला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे आणि तो येथे नोंदवतो. भारतात बियाणे आणण्यासाठी 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. ही केवळ कागदपत्रांची अडचण नाही. उत्तर अमेरिकेत मक्यावर 'स्ट्युअर्ट विल्ट' नावाचा जिवाणूजन्य रोग आहे आणि तो बियाण्यातून पसरू शकतो. मूठभर दाण्यांसाठी आपल्या शिवारात तो आणणे कोणालाही परवडणारे नाही.

शिवाय तो मका येथे रुजला, तरी साधणार नाही. उत्तरेकडील हा फ्लिंट थोड्या दिवसांच्या थंड उन्हाळ्यासाठी घडलेला आहे. आपल्या उष्णतेत आणि लहान दिवसांत तो कमरेएवढा होण्याआधीच तुरा टाकेल. उलट सातपुड्यातील मका मॅसॅच्युसेट्समध्ये लावला, तर त्याला तुरा येईपर्यंत तेथे हिमकण पडू लागतील. आपला वाण आपल्याच दारात आहे. धडगाव भागात 'बाएफ' संस्थेने स्थानिक कुटुंबांसोबत मका आणि ज्वारीच्या गावरान वाणांचे सामूहिक संवर्धन केले आहे. शोध तेथून सुरू करावा.

बांधावरून

पटले. मागणी मागे घेतो. तापीकाठ दादा, आता आपल्यालाच गाठावे लागेल.

तापीकाठ

अवश्य गाठा. पण मी एका कणसाचे दाणे देणार नाही. किमान तीस-चाळीस कणसांतून थोडे-थोडे दाणे काढून एकत्र करून देईन. आमच्या वडिलांची पद्धत तीच होती. ते म्हणत, की एकाच कणसाचे बियाणे धरले तर तिसऱ्या वर्षी मका 'बसतो'.

आता भाकरी. घरात विचारले, त्याचे उत्तर असे आहे. दाणे थेट दळायचे नाहीत. आधी जात्यावर भरडून घ्यायचे, पाखडून साल उडवायची, मग चाळायचे. वर राहील ती कणी आणि खाली पडेल ते पीठ. कणी कण्या शिजवायला ठेवायची किंवा पुन्हा दळायची. भाकरीसाठी अगदी बारीक पीठच घ्यायचे आणि तेही आठ-दहा दिवसांतले. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग कितीही मळले तरी भाकरी चिरतेच. पाणी उकळते हवे. परातीत पिठाच्या मध्ये आळे करून ते ओतायचे, उलथन्याने कालवून पाच मिनिटे झाकून ठेवायचे आणि हाताला सोसेल इतके निवाले, की तळहाताच्या मुळाने रगडून मळायचे. एका भाकरीपुरतेच पीठ एका वेळी मळायचे. ज्वारीची भाकरी होते तेवढी पातळ थापायचा हट्ट धरू नये, असा विशेष निरोप आहे.

सुगंधा (इंदूर)

तापीकाठ यांच्या घरातील पद्धत उत्तमच आहे. मी दुसरी वाट सांगते, जी मेक्सिकोतील घराघरांत हजारो वर्षे चालत आली आहे आणि जिचे साहित्य आपल्या पानाच्या डब्यातच असते, तो म्हणजे चुना.

एक किलो मका निवडून धुवावा. तीन लिटर पाण्यात दहा ग्रॅम खाण्याचा चुना कालवून त्यात दाणे घालावेत आणि मंद आचेवर उकळावेत. भांडे स्टीलचेच घ्यावे, कारण ॲल्युमिनियमवर चुना चढतो. साधा मका पाऊण तासात होतो, फ्लिंटला मला सव्वा तास लागला. दाणा दोन बोटांत चोळला, की त्याची साल ओल्या कागदासारखी सुटून यायला हवी आणि पाण्याला पिवळसर रंग व ओल्या मातीसारखा वास यायला हवा. मग आच बंद करून रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी पाणी टाकून दाणे तीन वेळा चोळून धुवावेत आणि ओलेच वाटावेत. या पिठाचा गोळा हातात धरला, की फरक कळतो. कोरड्या दळणाचा गोळा मोडतो आणि हा कणकेसारखा वळतो. भाकरी कडेला चिरत नाही आणि दुसऱ्या दिवशीही मऊ राहते.

चुन्याचा दुसरा लाभ पोषणाचा आहे. मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व अशा बांधलेल्या रूपात असते, की ते शरीराला सहज मिळत नाही. चुन्याच्या पाण्याने ते मोकळे होते. म्हणून मका खाणाऱ्या प्रत्येकाने हीच पद्धत वापरावी, असे मला वाटते.

वाटसरू

'प्रत्येकाने' म्हणणे मला पटत नाही. आपल्याकडे राजस्थानपासून सातपुड्यापर्यंत लोक चुन्याविना मक्याची भाकरी खात आले आहेत आणि डोंगर चढत आले आहेत.

त्रेंतोकर (उत्तर इटली)

मी शिक्षणासाठी त्रेंतोमध्ये राहतो. जवळच्या वाल्सुगाना खोऱ्यात 'स्पिन रोस्सो' नावाचा लाल फ्लिंट मका पिकतो. तोच अमेरिकेतील परसबागांत 'फ्लोरिआनी रेड' म्हणून ओळखला जातो. कणसाचा दाणा टोकाशी काट्यासारखा अणकुचीदार असतो आणि 'स्पिन' या शब्दाचा अर्थही काटाच. त्याच्या भरडीचा पोलेंटा, म्हणजे घट्ट लापशी, शिजायला पाऊण तास लागतो आणि तेवढा वेळ ढवळत उभे राहावे लागते. चव मात्र अशी, की सोबत काहीही नसले तरी चालते.

आणि नेमके तेच येथील गरिबांच्या जिवावर बेतले. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत उत्तर इटलीतील शेतमजुरांच्या ताटात पोलेंट्याखेरीज दुसरे जवळजवळ काहीच नसे. मका अमेरिकेतून आला, पण चुन्याची रीत त्याच्यासोबत आली नाही. पेलाग्रा रोगाने येथे गावेच्या गावे खंगली. कातडी उन्हात सोलून निघे, पोट बिघडे आणि पुढे वेड लागे. तेव्हा सुगंधाताई आणि वाटसरू, दोघांचेही आपापल्या जागी बरोबर आहे. ताटात डाळ, शेंगदाणे, दूध, भाजी असेल तर चुन्याविना चालते. मकाच सर्वस्व असेल तर चालत नाही.

निंबोळी

त्रेंतोकर यांच्या म्हणण्यात आपल्या दख्खनचा एक धागा जोडतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन यांनी ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनमधील गरीब लोकांत हाच पेलाग्रा अभ्यासला होता. धान्य वाईट नव्हते, ताट रिकामे होते.

सुगंधा

मान्य आहे. माझे 'प्रत्येकाने' मागे घेते. पण भाकरी वळते, हे मात्र मागे घेत नाही.

रानवाट (नाशिक)

कणीविषयी कोणीच सविस्तर लिहिले नाही, म्हणून लिहिते. फ्लिंटची खरी शोभा कणीत आहे. कठीण भाग जास्त असल्यामुळे कणी शिजल्यावर लगदा होत नाही, प्रत्येक कण वेगळा लागतो. एक वाटी कणी चार वाट्या पाण्यात रात्री भिजत घालावी, सकाळी मंद आचेवर तासभर शिजवावी, निवल्यावर घट्ट ताक, मीठ, ठेचलेले आले-मिरची घालावे आणि वरून जिऱ्याची फोडणी द्यावी. ज्वारीच्या ताकातल्या कण्या ज्यांना आवडतात, त्यांनी या एकदा कराव्यात.

आणखी एक प्रकार. दाणे लोखंडी कढईत वाळूत भाजले, की ते लाहीसारखे पूर्ण फुलत नाहीत, नुसते तडकतात आणि खमंग होतात. ते दळून गूळ व दूध घालून सातूसारखे कालवावे.

मृण्मयी

रानवाट, आपण सातूचे नाव काढले आणि मी थक्क झाले. नरागान्सेट लोकांचा 'नोकेहिक' अगदी हाच आहे! भाजलेल्या मक्याचे बारीक पीठ प्रवासात कमरेला बांधून न्यायचे आणि झऱ्याच्या पाण्यात कालवून खायचे. सतराव्या शतकातील नोंदींत त्याचे वर्णन आहे. माझ्याजवळचा हाच मका ज्यांनी पिकवला, ते तो सातूसारखा खात होते, हे वाचून मला आजीच्या डब्याची आठवण आली.

गच्चीवरची_बाग

विषय भाकरीकडून पुन्हा रोपाकडे नेते. मागच्या वर्षी माझ्या चार झाडांच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, अळी शिरली होती. पानांवर एका रेषेत भोके आणि पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी ओली विष्ठा. घरच्या मक्यावर फवारणी करायची इच्छा नव्हती.

बांधावरून

ती अमेरिकन लष्करी अळी. 2018 मध्ये ती भारतात प्रथम कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी आपल्याकडेही पोहोचली. ओळख सोपी आहे. डोक्यावर उलट्या इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी फिकट खूण असते आणि शेपटीकडे चार काळे ठिपके चौकोनात असतात. परसात औषधापेक्षा डोळे कामाला येतात. पीक गुडघ्याएवढे होईपर्यंत दोन दिवसांआड प्रत्येक पान उलटून पाहावे. अंड्यांचे पुंजके करड्या केसाळ आवरणाखाली असतात, ते तेथेच चिरडावेत. पोंग्यात चिमूटभर कोरडी माती किंवा चाळलेली राख टाकावी आणि पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. अळी मोठी होऊन पोंग्यात खोल बसली, की मग काहीच पोहोचत नाही. वीस-पंचवीस झाडे असतील, तर हाताने वेचणे हाच खात्रीचा उपाय.

वाटसरू

सुरुवातीला मी 'बियाणे विकत घ्यावे' असे लिहिले होते. वरील सर्व वाचून एक प्रश्न पडला आहे आणि तो मनापासून विचारतो. मक्याला एवढी झाडे, एवढे अंतर, एवढी निवड लागत असेल, तर वीस फुटांच्या परसात वाण राखणे खरोखर शक्य आहे का? वाल, टोमॅटो, वांगी यांचे बियाणे चार झाडांवरून धरता येते. मका त्यांच्यासारखा नाही, असे दिसते.

निंबोळी

वाटसरू, या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आपण विचारला आहे. वाल आणि टोमॅटो बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतात. मक्याची घडण परपरागाची आहे, त्याला भोवती स्वतःच्या जातीचा जमाव लागतो. थोड्याच झाडांवरून दरवर्षी बियाणे धरले, तर काही वर्षांत रोपे खुजी होतात, कणसे आखूड होतात, काही झाडांना कणीसच येत नाही. तापीकाठ यांचे वडील 'मका बसतो' म्हणत, ते हेच. शंभर झाडांच्या खाली जाऊ नये, असे मी सांगेन. पन्नासच्या खाली तर नक्कीच नाही.

परंतु दरवर्षी शंभर झाडे लावण्याची सक्ती कोणी केली आहे? दाणे नीट वाळवून, म्हणजे हातोडीच्या एका घावात ठिसूळपणे फुटतील इतके वाळवून, हवाबंद बरणीत थंड जागी ठेवले, तर तीन ते पाच वर्षे चांगले उगवतात. तेव्हा दरवर्षी वीस झाडे लावण्याऐवजी तीन वर्षांतून एकदा सगळ्या परसात हा एकच मका लावावा. त्या वर्षी शक्य तितक्या झाडांवरून, प्रत्येकी समान दाणे घेऊन बियाणे धरावे. निवड शेतात उभ्या पिकातून करावी, घरात आलेल्या ढिगातून नव्हे. ढिगात मोठे कणीस दिसते, पण ते मोकळी जागा मिळालेल्या कडेच्या झाडाचे होते की दाटीत तग धरलेल्या झाडाचे, हे कळत नाही.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे तीन-चार घरांनी मिळून वाण धरणे. प्रत्येकाने आळीपाळीने एकेका वर्षी मोठा वाफा घालावा आणि बियाणे एकत्र मिसळून पुन्हा वाटून घ्यावे. सातपुड्यात वाण टिकला तो अशाच देवघेवीमुळे. आपल्या देशात 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचे बियाणे राखण्याचा, पेरण्याचा आणि देवघेव करण्याचा हक्क दिलेला आहे.

वाटसरू

हे पटले. नाशिक परिसरात रानवाट आहेत, मी सिन्नरचा आहे. बांधावरून जालन्याचे आहेत. तापीकाठ दादांनी दाणे दिले, तर पहिल्या वर्षाचा वाफा माझ्याकडे. विहिरीला पाणी आहे आणि अर्ध्या किलोमीटरपर्यंत कोणाचाही मका नाही, फक्त कांदा आणि द्राक्षे.

तापीकाठ

दाणे बांधून ठेवले. पांढरा देतो, म्हणजे पिवळ्याची भेसळ झालीच तर आपोआप दिसेल. निंबोळी यांच्यामुळे पांढऱ्याचा हा उपयोग मला आज कळला.

रानवाट

दुसऱ्या वर्षाचा वाफा माझ्याकडे.

मृण्मयी

हा धागा वर आणते आहे, कारण मे महिना आला.

शेजारीणबाईंचा स्वीटकॉर्न पूर्ण पिवळाच होता, दुरंगी नव्हता. हिवाळाभर मी संध्याकाळी कणसे घेऊन बसत असे. 62 कणसे निवडली, त्यांची टोके आणि बुंधे सोडून मधले दाणे काढले आणि पांढऱ्या थाळीत पसरून दिव्याखाली एकेक पिवळा दाणा वेचला. दिवसाच्या उजेडात तो रंग कळत नाही, असे नाही. पण दिव्यासमोर धरला, की पांढरा दाणा दुधी काचेसारखा दिसतो आणि पिवळा मधासारखा. तीन दाण्यांविषयी मला खात्री वाटली नाही, तेही काढून टाकले.

भाकरी दोन्ही प्रकारांनी करून पाहिली. उकळत्या पाण्याची भाकरी चवीला आजीच्या भाकरीच्या अधिक जवळ जाते. चुन्याची अधिक मऊ होते, पण तिला वेगळाच वास येतो, जो घरात मुलांना फार आवडला. आईला फोनवर दाखवली, तेव्हा ती म्हणाली, की आजी पिठाला चिमूटभर मीठ पाण्यातच घालत असे. ते केले आणि कडा आणखी सुधारल्या.

शेजारीणबाईंनी स्वतःहून सांगितले, की यंदा त्या स्वीटकॉर्न जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पेरतील. फ्लिंटला थंड माती चालते, म्हणून माझी पेरणी आधी. ती केव्हा करावी, यासाठी इथल्या मूळ रहिवाशांची एक खूण आहे : ओकचे पान खारीच्या कानाएवढे झाले, की मका पेरावा. आठवडाभर मी रोज सकाळी कुंपणाजवळच्या ओकाखाली जाऊन पाहत होते. काल पान तेवढे झाले. काल आणि आज मिळून 160 दाणे टोकले, सहा ओळींत, दोन इंच खोल. वेचलेले पिवळे दाणे भरडून ठेवले आहेत. रविवारी त्यांच्या ताकातल्या कण्या करून शेजारीणबाईंकडे नेणार आहे. दाण्यांत अर्धा वाटा त्यांच्या मक्याचा आहेच.